मलकापूर : पाच वाटांच्या तोंडावरचे गाव



पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेली एस.टी. उंब्रज मागे टाकते, तासवड्याचा टोलनाका ओलांडते आणि थोड्याच वेळात कोयनेच्या पुलावर येते. पूल संपला की डाव्या हाताला कराड शहर आणि उजव्या हाताला आगाशिवाचा डोंगर दिसू लागतो. तेवढ्यात कंडक्टर आवाज देतो, "चला, कोल्हापूर नाकावाले!" निम्मी गाडी रिकामी होते. कुणाच्या हातात दवाखान्याची फाईल असते, कुणाच्या डोक्यावर बोचके, तर कुणी कॉलेजचा पोरगा पाठीला पिशवी अडकवून उडी मारतो. हे सारे म्हणतात, "कराडात उतरलो." खरे पाहता त्यांतले बरेचजण ज्या गावाच्या कामाला आलेले असतात त्याचे नाव मलकापूर.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे गाव शंभर वेळा ओलांडले असेल, पण थांबून पाहिले नसेल. आज तेच करू. नकाशावर शोधायला गेलात तर दोन-तीन मलकापुरे सापडतील. एक बुलढाणा जिल्ह्यात, एक शाहूवाडीकडे. आपले मलकापूर सातारा जिल्ह्याचे, कराडला अगदी खेटून असलेले, महामार्गावरचे. कराड आणि मलकापूर यांची शीव आता डोळ्यांना दिसत नाही, ती फक्त कागदावर आहे.

पाच वाटा कोणत्या?

आधी वाटा मोजून घेऊ. एक वाट उत्तरेची, सातारा-पुण्याची. सातारा येथून पन्नासएक किलोमीटर, पुणे एकशे साठच्या आसपास. दुसरी दक्षिणेची, पेठ नाक्यावरून कोल्हापूरची आणि पुढे बेळगावची. या दोन मिळून तो जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४, ज्याला आता ४८ म्हणतात. जुनी माणसे अजून 'एन.एच. फोर'च म्हणतात. तिसरी वाट पश्चिमेची. कोयना पुलाच्या अलीकडे वारुंजी फाट्यावरून ती सुटते, पाटण आणि कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते. चौथी पूर्वेची. ती कराड शहरातून कृष्णेचा पूल ओलांडते आणि विद्यानगर, ओगलेवाडी, विटा करीत माणदेशाकडे व पंढरपूरकडे जाते. पाचवी वाट थेट मलकापुरातूनच फुटते, ती ढेबेवाडीची. हिला कुणी मोठी वाट म्हणणार नाही, पण वांग खोऱ्यातल्या गावांना जगाशी जोडणारी हीच.

कोकणातला नारळ-आंबा, माणदेशातली शेळी-मेंढी आणि डाळिंब, कृष्णाकाठचा ऊस-गूळ, पाटण खोऱ्यातला भात, हे सारे या पाच वाटांनी येते आणि पाच वाटांनी जाते. पश्चिमेला पावसाचा मारा, पूर्वेला पावसाची वाट पाहणारा मुलूख, आणि दोन्हींच्या मधोमध ही जागा. म्हणून इथे बाजार बसला, मुक्काम बसला आणि वस्तीही बसली.

वाट दोन हजार वर्षांची

कुणी म्हणेल, ही सगळी महामार्गाची करामत. तसे नाही. महामार्ग काल आला, वाट फार जुनी आहे.

कराडचे प्राचीन नाव करहाटक. महाभारतात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात हे नाव येते. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत येथे इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत करहाटकाच्या लोकांची नोंद आहे. विचार करा, गाडी नाही, पक्का रस्ता नाही, अशा काळात इथली माणसे एवढ्या दूर जाऊन दान देत होती. ज्या गावातून वाटा जातात त्याच गावची माणसे इतक्या दूर पोचतात.

याची दुसरी खूण मलकापूरच्या डोक्यावरच आहे. आगाशिवाच्या डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूला, साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. वेरूळ-अजिंठ्यासारखे कोरीव काम इथे शोधू नका. बहुतेक लेणी म्हणजे साध्या खोल्या, निजायला दगडी ओटे, कुठे स्तूप. पावसाळ्याचे चार महिने भिक्षू एका जागी राहत, त्या मुक्कामाची ही ठिकाणे. अशी लेणी बहुतेक वाटांच्या जवळ असतात, कारण भिक्षूंना भिक्षा गावातून मिळे आणि लेणी खोदायला पैसा व्यापाऱ्यांकडून. कोकणच्या बंदरातून घाट चढून आलेला माल करहाटकात येई. म्हणजे आगाशिवाचा डोंगर हा या नाक्याचा सर्वात जुना साक्षीदार समजा.

डोंगराच्या माथ्यावर आगाशिवाचे देऊळ आहे. तिथून खाली पाहिले की सारा मामला एका नजरेत कळतो. कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात आणि मग पूर्वेकडे वळतात. नद्या सहसा कोन करून मिळतात, अशी समोरासमोरची गाठ विरळाच. म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले, आणि दरवर्षी त्या दिवशी संगमावर माणसांची रीघ लागते.

कालवा, आगगाडी आणि कंदील

इंग्रजी अमदानीत या भागात तीन गोष्टी घडल्या, आणि त्या आपल्या शेतकऱ्यांच्या कामाच्या आहेत.

पहिली म्हणजे खोडशीचा बंधारा. कराडच्या वर, कृष्णेवर, १८६० च्या दशकात हा बांधला गेला आणि त्यातून कृष्णा कालवा निघाला. दख्खनमधल्या त्या काळच्या अगदी पहिल्या कालव्यांपैकी हा एक. कराडपासून वाळवा, तासगावच्या बाजूपर्यंत त्याने पाणी नेले. आज याच परिसरात टेंभू येथून कृष्णेचे पाणी उपसून खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे नेले जाते. म्हणजे पूर्वेची वाट आता माणसांबरोबर पाण्याचीही झाली.

दुसरी गोष्ट आगगाडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज लोहमार्ग झाला, पण तो कराड शहरातून न जाता कृष्णेच्या पलीकडून गेला. म्हणून कराडचे स्टेशन गावापासून कोसभर लांब. पोते स्टेशनावर न्यायचे तर बैलगाडी जोडायला लागे.

तिसरी गोष्ट ओगलेवाडी. औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या जागेवर, स्टेशनाजवळ, पहिल्या महायुद्धाच्या काळात ओगले बंधूंनी काचेचा कारखाना उभारला. तिथला प्रभाकर कंदील आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी टांगलेला असे. गोठ्यात वासरू जन्मले ते त्याच उजेडात, रात्री मोटेला पाणी लावले तेही त्याच उजेडात. कारखाना पुढे बंद पडला, गावाला नाव मात्र कायमचे देऊन गेला.

तेव्हा सारी हालचाल कृष्णेच्या त्या अंगाला होती. मलकापूर या काळात एक साधे शेतकरी गाव होते. कोयनेची मळी, ज्वारी-भुईमुगाचे पट्टे आणि आगाशिवाच्या उताराला चरणारी गुरे.

मलकापूरचा पालट

मग तोल इकडे कसा झुकला? रस्त्याने. मालट्रक आणि एस.टी. वाढल्या तशी माणसे स्टेशनाऐवजी नाक्यावर उभी राहू लागली. १९५० च्या दशकात कोयना धरणाचे काम निघाले. चिपळूणकडे तेव्हा रेल्वे नव्हती, ती कोकण रेल्वेबरोबर १९९० च्या दशकात आली. धरणाच्या बाजूला जायचे तर कराड हेच जवळचे रेल्वेचे ठिकाण. पाटणची वाट रात्रंदिवस जागी झाली ती त्या काळात. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा भूकंप झाला, तेव्हा मदतीची वाहनेही याच वाटेने वर गेली.

'नाका' हा शब्दही ऐकण्यासारखा आहे. नाका म्हणजे मूळ जकात घेण्याची जागा. गाडी थांबवायची, माल पाहायचा, पावती फाडायची. गाडी थांबली की गाडीवानाला चहा लागतो, बैलाला पाणी लागते, चाकाला वंगण लागते. तेवढ्यावर चार माणसांचे पोट चालते. नगरपालिकांची जकात बंद झाली, पण नाक्यांची नावे राहिली आणि पोटेही वाढली. पंक्चरवाला, स्पेअर पार्टवाला, वजनकाटा, खतांचे गोदाम, ट्रॅक्टरचे शोरूम, खानावळ, लॉज, मंगल कार्यालय. पंक्चरच्या टपरीपासून मंगल कार्यालयापर्यंतचा हा क्रम तुम्हाला महाराष्ट्रातल्या कुठल्याही नाक्यावर सापडेल.

ढेबेवाडी फाट्याची गोष्ट मात्र वेगळी. या फाट्याने माणसे आणण्यापेक्षा नेली जास्त. वांग खोऱ्यात डोंगर मोठा आणि शेत लहान. घरातला एक भाऊ नांगराला, दुसरा मुंबईला, अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील याच खोऱ्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. फाट्यावर रात्रीच्या मुंबई गाडीला मुलगा बसवून देणारी आई, आणि गणपतीला त्याच जागी त्याची वाट पाहणारे म्हातारे वडील, हे चित्र या खोऱ्यातल्या कुठल्या घराने पाहिलेले नाही?

१९८४ मध्ये मलकापुरात कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रेठरे बुद्रुकचा कृष्णा साखर कारखाना उभा करणाऱ्या जयवंतराव भोसले यांनी हे काम केले. ऊस उत्पादकांच्या मुलुखात कारखान्यापाठोपाठ दवाखाना आला. पाच वाटांच्या तोंडावर दवाखाना असण्याचे मोल पाटण किंवा आटपाडीच्या माणसाला विचारा. सर्पदंशाच्या रोग्याला वेळेवर पोचवायचे म्हणजे काय, ते त्याला ठाऊक असते. दवाखान्याबरोबर डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आले. त्यांना खोल्या हव्यात, डबे हवेत, दूध-भाजी हवी. आगाशिवनगर, शास्त्रीनगर अशा वसाहती भरत गेल्या. आधी ग्रामपंचायत होती, २००८ मध्ये नगरपंचायत झाली आणि पुढे नगरपरिषद.

पाण्याचा धडा

मलकापूरचे नाव महाराष्ट्राबाहेर गेले ते मात्र ना महामार्गामुळे, ना दवाखान्यामुळे. ते गेले नळाच्या पाण्यामुळे. विस्ताराच्या कामात ज्यांचा जन्म गेला अशा आम्हा मंडळींना या गावातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे नळाला पाणी तास-दोन तास येते. घरातली बाई सगळी भांडी भरून ठेवते. दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की कालचे मोरीत ओतून देते. तोटी उघडीच राहिली तर पाणी गटारात जाते. त्याहून वाईट म्हणजे, पाणी बंद झाले की नळ पोकळ होतो आणि फुटक्या जोडातून आजूबाजूची घाण आत ओढून घेतो. सकाळचा पहिला हंडा गढूळ येतो, त्याचे कारण हे.

मलकापूरने २००७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने निराळी वाट धरली. कोयनेचे पाणी शुद्ध करून चोवीस तास नळाला द्यायचे, पण प्रत्येक घराला मीटर बसवायचे. नळ्या नव्या घातल्या, जोड उष्णतेने सांधले म्हणजे गळती नको. दराची आखणी अशी की बेताने वापरणाऱ्याला पाणी स्वस्त, आणि जसजसा वापर वाढेल तसतसा दर चढा. सुरुवातीला लोक साहजिकच बिथरले. पाण्याला मीटर म्हणजे काय, विहिरीवर कुलूप का? शिवाय चोवीस तास पाणी दिले तर लोक नदी रिकामी करतील, अशीही शंका होती.

घडले उलटेच. पाणी केव्हाही मिळणार म्हटल्यावर साठा करायची गरज उरली नाही, शिळे म्हणून ओतून देणे थांबले, आणि मीटर फिरताना दिसल्यावर गळकी तोटी लगेच दुरुस्त होऊ लागली. पाण्याचा वापर घटला, पंपाची वीजही वाचली. एवढ्याशा गावाच्या या योजनेची दखल देशपातळीवर घेतली गेली आणि ठिकठिकाणची शिष्टमंडळे ती पाहायला आली.

आता हा धडा आपल्या शिवारात आणून पाहा. उसाला पाटाने पाणी देताना आपण काय करतो? "लाइट आहे तोवर घ्या." मोटार सुरू करून माणूस घरी जेवायला जातो. कारण वीज पुन्हा केव्हा येईल आणि पाळी पुन्हा केव्हा मिळेल याची खात्री नसते. खात्री नसली की माणूस साठवतो, आणि गरजेपेक्षा जास्त देतो. याचा परिणाम कृष्णाकाठाला नवा नाही. वाळवा, मिरज, शिरोळकडे किती एकर काळी जमीन पाणी तुंबून चोपण झाली आहे, ती जाऊन पाहा. वर पांढरी मिठाची साय आणि खाली चिखल. ज्या जमिनीने आजोबाला श्रीमंत केले तिथे नातवाला लव्हाळा उपटत बसावे लागते.

म्हणून मलकापूरच्या नळाकडून तीन गोष्टी घ्या. पाणी मोजा. गळती शोधा. आणि पाण्याची खात्री निर्माण करा. ठिबक बसवले तर पाटपाण्याच्या मानाने जवळजवळ निम्मे पाणी वाचते, आणि उसाचे उत्पन्न घटत नाही, उलट वाढते. सामाईक उपसा योजना असेल तर प्रत्येक फाट्यावर मीटर बसवायचा आग्रह धरा. मोजलेल्या पाण्यावरून भावाभावांत भांडणेही कमी होतात.

गुंठ्याची किंमत

आता जरा कडू बोलू. मलकापूर ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन कसली होती? कोयनेची मळी. नदीने शेकडो वर्षे पूर आणून थर चढवावेत तेव्हा हातभर माती तयार होते. त्या मातीवर आता सिमेंट आहे. कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. चौरस्त्याला वस्ती होणारच, आणि दवाखाना डोंगरावर बांधता येत नाही. पण उद्या तुमच्या गावालगत असाच रस्ता येईल, बाह्यवळण निघेल, फाटा होईल. तेव्हा घरात जी चर्चा होईल तिच्यासाठी चार गोष्टी आधीच कानावर असाव्यात.

उसाच्या मळ्यात आपण गुंठ्याला टन-दोन टनाचा हिशोब करतो. रस्ता आला की तोच गुंठा चौरस फुटावर मोजू लागतात. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. आकडा ऐकून डोके गरगरते. पण उसाचे पैसे दरवर्षी येतात, चौरस फुटाचे एकदाच. एका गावचे दोन भाऊ मी पाहिले आहेत. रस्त्यात जमीन गेली, दोघांना सारखेच पैसे आले. एकाने मोठी गाडी घेतली, बंगला बांधला, लग्ने थाटात लावली. दुसऱ्याने आत, दोन कोसांवर, कमी भावाची जमीन घेतली, तिला पाइपलाइनने पाणी नेले आणि उरलेल्या पैशांतून मुलीला नर्सिंगला घातले. दहा वर्षांनी पहिल्याची मुले दुसऱ्याच्या शेतात रोजाने नव्हती, एवढेच समाधान. पण फार लांबही नव्हती.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी एवढे करावे. सातबारा आणि आठ-अ आधीच दुरुस्त करून ठेवा. वडिलांच्या नावावरचा उतारा तसाच पडून असेल तर वारसाची नोंद करा. मोबदल्याच्या वेळी नोंद नसलेला माणूस धावत राहतो. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडे, गोठा यांची मोजणीत नोंद होते की नाही हे स्वतः उभे राहून पाहा, कारण त्यांचाही मोबदला असतो. बहिणींचा हक्क विसरू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा २००५ च्या कायद्याने दिला आहे, आणि महाराष्ट्राने तर ती वाट १९९४ मध्येच धरली होती. राखीपौर्णिमेला ओवाळून घ्यायचे आणि सहीच्या वेळी "कशाला त्रास देऊ तिला" म्हणायचे, हे बरे नव्हे.

तुकड्यातुकड्याने गुंठे विकणे तर जपूनच करा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासूनचा आहे आणि त्यात वेळोवेळी बदल झाले आहेत. व्यवहारापूर्वी तहसील कार्यालयात चालू नियम विचारा. बिगरशेती परवाना नसलेला गुंठा घेणाराही फसतो आणि विकणाराही कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. आणि रस्त्यालगतचा पुढचा पट्टा विकताना मागच्या शेताची वाट कागदावर राखून ठेवा. पुढे इमारत झाली की उसाची ट्रॉली बाहेर काढायची कुठून, हा प्रश्न किती गावांत आज मामलेदाराच्या पुढे पडला आहे!

पूल आणि ट्रॉली

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात महामार्ग चौपदरी झाला, मलकापुरात उड्डाणपूल झाला. वाटले, आता सुटलो. पण वाहनेही वाढली. पुढे सहापदरीचे काम निघाले आणि २०२३ मध्ये जुना पूल पाडून नव्या, बऱ्याच लांब उड्डाणपुलाचे काम हाती घेतले गेले. एक पूल माणसाच्या एका पिढीलाही पुरला नाही. म्हणून नवा रस्ता आला की "आता कायमचे झाले" असे समजून दुकान टाकू नका. पूल चढून जाणारा गिऱ्हाईक खालच्या टपरीला दिसत नाही आणि टपरी त्याला दिसत नाही. नाक्यावरच्या कित्येक जणांना आपली जागा अशी पुन्हापुन्हा बदलावी लागली आहे.

चौरस्ता किती दूरच्या गोष्टींना बांधलेला असतो हे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कळले. पाणी चढले ते कोल्हापूरजवळ, शिरोलीला, पण महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. माल जागच्या जागी अडकला. भाजी सडली, दूध अडले. ज्याचा सगळा माल एकाच वाटेने जातो त्याला पाच वाटांचा उपयोग नाही. म्हणून दुधाला, भाजीला दुसरी पेठ माहीत असू द्या.

आणखी एक विनंती, ती घरातल्या बायकांना करतो, कारण पुरुष ऐकत नाहीत. उसाच्या हंगामात ट्रॉली आणि बैलगाड्या रात्री महामार्गावर येतात. मागून येणाऱ्या गाडीला काळोखात काळी ट्रॉली दिसत नाही. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावल्याशिवाय घरातून भाकरी बांधून देऊ नका. बैलगाडीलाही लावा. दुभाजकाच्या फटीतून ओलांडण्यापेक्षा कोसभर वळसा परवडतो.

जाल तेव्हा

कामासाठी कराडला जाल तेव्हा एक दिवस जास्तीचा काढा. नोव्हेंबरात गेलात तर बाजार समितीच्या आवारात भरणारे शेती प्रदर्शन पाहा. सकाळी ऊन चढायच्या आत आगाशिव चढा, मुलांना लेणी दाखवा. पोरे विचारतील, "इथे कोण राहत होते?" त्यांना सांगा, वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दानावर राहणारी माणसे. वरून मलकापूर दाखवा, कोयना दाखवा, पाचही वाटा बोटाने मोजायला लावा. मग खाली येऊन एखाद्या घरचा पाण्याचा मीटर दाखवा.

डोंगरावरून तुम्हाला हिरवे पट्टे अजून दिसतील, नांदलापूर, जखिणवाडीच्या बाजूला. त्यांतल्या शेतकऱ्यांच्या घरीही आज तीच चर्चा चालू असेल, जी उद्या तुमच्या घरी होईल. ती चर्चा सातबारा समोर ठेवून, बहिणीला बोलावून आणि पुढच्या वीस वर्षांचा हिशोब मांडून करा. वाट आली तर तिला अडवू नये, पण तिच्या धुळीत आपले घरही हरवू देऊ नये.